भाड्याचा सर्व्हर रात्रीत आपोआप रिबूट झाला, तर छडा कसा लावायचा

१६ जुलै २०२४, मंगळवार. पहाटे पाच पस्तीसला राधानगरी तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "ताई, पावती निघतीया, पण वर जाईना."

आमचं सॉफ्टवेअर दूध संकलन केंद्रांसाठी आहे. माणूस कॅन घेऊन येतो, काटा लिटर सांगतो, यंत्र फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) सांगतं, पावती छापली जाते आणि तीच नोंद जर्मनीतल्या एका भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर जाते. दर दहा दिवसांनी त्या नोंदींवरून दुधाचं बिल निघतं. एक नोंद हरवली तर कुणाच्या तरी घरचे पैसे हरवतात, म्हणून या यंत्राचा मला एवढा घोर.

लॅपटॉप उघडला तर सर्व्हर चालू होता. नोंदी घेणारी सेवा तेवढी बंद होती. बूटबरोबर, म्हणजे यंत्र चालू होताना, आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीत ती घालायची राहिली होती. ती सुरू केली, केंद्रांवर साठलेल्या पावत्या वर यायला लागल्या, आणि मग ‘अपटाइम -एस’ (यंत्र कधी सुरू झालं ते सांगणारी कमांड) दिलं. उत्तर आलं २१:४३. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं. साडेपाच तास मिळवले की आपले पहाटेचे ३:१३. त्या वेळी आम्ही सगळे झोपेत होतो. मग रिबूट केला कुणी?

त्या दोन दिवसांत जे केलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण असा शोध नेहमी घाईत आणि उलट्या क्रमाने होतो. कमांड मी सहकाऱ्याला फोनवर सांगते तशा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत; टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.

पुन्हा रिबूट करू नका

सेवा सुरू झाली की पहिला मोह होतो तो ‘खात्रीसाठी’ आणखी एकदा रिबूट करण्याचा. २०१९ मध्ये दुसऱ्या एका यंत्रावर मी तेच केलं होतं. यंत्र अचानक पडून उठतं तेव्हा नव्या बूटच्या सुरुवातीलाच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कधी कधी आदल्या पडझडीबद्दल काही छापतो. जर्नल, म्हणजे सिस्टिमची नोंदवही, फक्त मेमरीत राहत असेल, तर दुसऱ्या रिबूटबरोबर त्या ओळीही जातात. माझ्या गेल्या, आणि कारण कधीच कळलं नाही.

म्हणून आधी सगळं दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्या: ‘डीमेसेज’चं पूर्ण उत्तर, ‘जर्नलसीटीएल -बी ०’ आणि ‘जर्नलसीटीएल -बी -१’, ‘लास्ट -एक्स’, दोन्ही डिस्कचं ‘स्मार्टसीटीएल -ए’, आणि रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची रचना) असेल तर ‘/प्रॉक/एमडीस्टॅट’. ज्यांच्याकडून यंत्र भाड्याने घेतलं ते बऱ्याचदा पहिल्याच उत्तरात ‘रेस्क्यू सिस्टिममध्ये बूट करा’ (आपल्या डिस्कऐवजी तात्पुरत्या सिस्टिमवर यंत्र सुरू करा) असं सांगतात. तेही या नकला झाल्यावरच.

निरोप घेऊन गेला की न सांगता?

बाकी सगळी चौकशी या एका प्रश्नावर उभी आहे. यंत्राला कुणी ‘बंद हो’ म्हटलं असेल तर ते आवरून जातं: सेवा थांबवतं, डिस्कवरचं लिखाण पुरं करतं, नोंद ठेवतं. वीज गेली, रिसेट झाला किंवा कर्नल कोसळला तर वाक्य अर्धवट राहतं. दोन्ही वाटा पूर्ण वेगळ्या आहेत, आणि चुकीच्या वाटेवर दिवस वाया जातो.

‘लास्ट -एक्स’ मध्ये ‘रिबूट’च्या दोन ओळींमध्ये ‘शटडाउन’ची ओळ आहे का ते बघा. आमच्याकडे नव्हती. मग ‘जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स’ देऊन आधीचा बूट दिसतो का ते पाहा आणि त्याचा शेवट ‘जर्नलसीटीएल -बी -१ -ई’ ने वाचा. नीट बंद झालेल्या यंत्राच्या शेवटी सेवा एकेक करून थांबल्याच्या ओळी असतात आणि सगळ्यात शेवटी ‘जर्नल स्टॉप्ड’. आमच्याकडे शेवटची ओळ होती २१:३९:०७ ची, नेहमीच्या क्रॉनची (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची). पुढे काही नाही.

लॉगमध्ये काही सापडत नाही म्हणून पुष्कळजण इथे हताश होतात. पण शेवट कोरा असणं हाच मोठा पुरावा आहे: यंत्राला बोलायला वेळच मिळाला नाही.

एका साक्षीदारावर मात्र थांबू नये. नव्या बूटच्या सुरुवातीला जर्नलची फाइल ‘करप्टेड ऑर अनक्लीनली शट डाउन’ होती म्हणून बाजूला ठेवल्याचा संदेश आहे का? आमच्याकडे होता. ईएक्सटी४ ने, म्हणजे डिस्कवरच्या फाइलव्यवस्थेने, ‘रिकव्हरी कंप्लीट’ म्हटलं का? म्हटलं होतं. सगळ्यात बोलका निघाला पोस्टग्रेस, आमचा डेटाबेस. तो सुरू होताना सांगतो की डेटाबेस नीट बंद केला होता की ‘इंटरप्टेड’ झाला होता, आणि झाला असेल तर तो शेवटचा कधी जिवंत असल्याचं ठाऊक आहे. ती वेळ चेकपॉइंटची (डेटाबेसने अधूनमधून सगळं डिस्कवर पक्कं केल्याची) असू शकते, म्हणून मिनिटाच्या हिशेबात तिच्यावर भिस्त ठेवू नये. पण ‘इंटरप्टेड’ हा शब्द पक्का. चौघांचं म्हणणं एकच होतं: न सांगता गेला.

आदल्या बूटचा लॉगच दिसत नसेल, तर जर्नल कायमस्वरूपी ठेवलेला नाही. डेबियन या लिनक्स वितरणात ११ व्या आवृत्तीपासून तो मुळातच डिस्कवर राहतो. इतर काही वितरणांत ‘/व्हार/लॉग/जर्नल’ ही फोल्डर असेल तरच राहतो. नसेल तर आजच तयार करा. या वेळचा पुरावा गेला, पुढच्या वेळचा वाचेल.

निरोप घेऊन गेलेलं प्रकरण सोपं असतं, ते चटकन सांगते. ‘ऑथ.लॉग’ या लॉगिनच्या नोंदींच्या फाइलमध्ये त्या मिनिटाला कुणाचा सुडो (प्रशासकाच्या हक्काने दिलेली आज्ञा) आहे का पाहा. जर्नलमध्ये ‘पॉवर की प्रेस्ड’ असेल तर कुणीतरी यंत्राचं बटण दाबलं आहे, किंवा पॅनेलवरून (यंत्र भाड्याने देणाऱ्यांच्या वेबवरच्या नियंत्रण पानावरून) तसाच इशारा पाठवला आहे. ‘कंट्रोल-ऑल्ट-डिलीट’चं टार्गेट दिसलं तर पॅनेलचा सौम्य रिबूट. पॅनेलचा पासवर्ड आणखी कुणाकडे आहे, हेही विचारा. आणि आपोआप अपडेट करणारं ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ विसरू नका: त्यातला ‘ऑटोमॅटिक-रिबूट’ मुळात बंद असतो, पण कुणीतरी चालू करून ठेवलेला असतो. आमच्या एका जुन्या सर्व्हरवर तो रात्री दोनला लावलेला होता. रात्रीचे दोन यूटीसीचे. कोल्हापुरात तेव्हा सकाळचे साडेसात वाजतात आणि केंद्रांवर रांग असते.

नेमका कधी गेला

जर्नलची शेवटची ओळ म्हणजे मृत्यूची वेळ, असं धरू नका. जर्नल लिहिणारा जर्नलडी साधे संदेश लगेच डिस्कवर पक्के करत नाही. त्याची ठरलेली मुदत पाच मिनिटांची आहे. फक्त अतिगंभीर संदेश तो ताबडतोब उतरवतो. त्यामुळे वीज अचानक गेली तर शेवटच्या काही ओळी कायमच्या हरवू शकतात.

याला बाहेरचा साक्षीदार लागतो. आमचं दुसरं यंत्र दर मिनिटाला या सर्व्हरला हाक मारतं. त्याच्या वहीत ३:१० ला उत्तर होतं, ३:११ ला नव्हतं. म्हणजे जर्नल ३:०९ ला संपला तरी यंत्र त्यानंतर निदान काही सेकंद तरी जिवंत होतं. नव्या कर्नलची पहिली ओळ ३:१३:२२ ची. नेहमीच्या रिबूटला या यंत्राची बायोसची तपासणी धरून पावणेतीन मिनिटं लागतात, हे मी मोजून ठेवलं होतं. हिशेब बसला: खंड पडला आणि यंत्र जवळजवळ लगेच परत उठलं. पाच-दहा मिनिटांची मोकळी जागा निघाली असती तर मी वेगळा विचार केला असता, कुणीतरी केबल काढून परत लावली असं काहीतरी.

वीज, रिसेट की कर्नल?

न सांगता गेलेल्या यंत्राच्या मागे ढोबळमानाने हे तीन संशयित.

कर्नलचं आधी पाहावं, कारण ते एका कमांडीत होतं: ‘सिस्कटीएल कर्नल.पॅनिक’. उत्तर ० असेल तर पॅनिकनंतर, म्हणजे कर्नल कोसळल्यावर, यंत्र तसंच गोठून उभं राहतं, आपोआप रिबूट होत नाही. १० असेल तर दहा सेकंदांनी होतं. आमचं ० होतं. यंत्र तर स्वतः उठलं होतं. म्हणजे नुसत्या पॅनिकने हे झालेलं नाही. सोबत हार्डवेअरचा वॉचडॉग (गोठलेलं यंत्र आपोआप रिसेट करणारा) किंवा केडम्प (कोसळलेल्या कर्नलची नक्कल घेणारा) चालू असेल तरच होऊ शकतं. तेही तपासलं. कोसळतानाच्या नोंदी जिथे राहतात त्या जागा पाहिल्या: ‘/व्हार/क्रॅश’ रिकामं, ‘/सिस/एफएस/पीस्टोर’ आणि ‘/व्हार/लिब/सिस्टिमडी/पीस्टोर’ रिकामे, वॉचडॉग लावलेलाच नव्हता.

इथे आमच्या धाकट्या सहकाऱ्याने विचारलं, "ताई, मेमरी भरली असेल का? ओओएम?" ओओएम म्हणजे ‘आउट ऑफ मेमरी’. हा प्रश्न हमखास येतो. मेमरी संपली तर कर्नल एखादी प्रक्रिया मारतो, यंत्राला रिबूट करत नाही. ‘व्हीएम.पॅनिक_ऑन_ओओएम’ कुणी मुद्दाम चालू केलं असेल तरच गोष्ट वेगळी. तरी ‘सार’चे आकडे (सिसस्टॅटने ठेवलेला यंत्राच्या वापराचा इतिहास) बघून त्याची शंका मिटवली. तीनला मेमरी निम्मीही भरलेली नव्हती आणि लोड नेहमीसारखाच होता. सिसस्टॅट बसवलेलं असलं की असं उत्तर एका मिनिटात देता येतं.

आता वीज आणि रिसेट यांत फरक कसा करायचा? माझ्या मते या सगळ्या शोधातली सगळ्यात उपयोगी युक्ती इथे आहे, आणि ती फार थोडे लोक वापरतात. डिस्क स्वतः मोजते की आपली वीज किती वेळा गेली-आली. ‘स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एनव्हीएमई०’ द्या आणि ‘पॉवर सायकल्स’ व ‘अनसेफ शटडाउन्स’ या दोन ओळी वाचा. साटा डिस्कवर हेच क्रमांक १२ च्या ओळीत, ‘पॉवर सायकल काउंट’ नावाने मिळतं. साध्या रिबूटने किंवा रिसेटने साधारणपणे डिस्कची वीज तुटत नाही, त्यामुळे पॉवर सायकलचा आकडा हलत नाही. वीज खरोखर गेली तरच तो एकाने वाढतो. आवरायला वेळ न मिळता गेली तर ‘अनसेफ’चाही वाढतो.

यासाठी आधीचा आकडा हातात हवा. मी दर महिन्याच्या १ तारखेला तो वहीत लिहिते, कागदाच्या वहीत. १ जुलैला दोन्ही डिस्कवर ४१ आणि १७ होते. १६ तारखेला दोन्हीवर ४२ आणि १८. एका डिस्कचा वाढला असता तर मी केबल किंवा ती डिस्क यांच्याकडे बोट दाखवलं असतं. दोघींचा एकदम वाढला, म्हणजे पूर्ण यंत्राची वीज गेली.

एक इशारा. काही बोर्ड साध्या रिबूटलाही डिस्कची वीज क्षणभर तोडतात. म्हणून ठरवून केलेल्या रिबूटच्या आधी आणि नंतर आकडा पाहून ठेवा, म्हणजे तुमच्या यंत्राचा स्वभाव कळेल. शिवाय पॅनेलवरून कुणी ‘पॉवर सायकल’ केलं तरी वीज तुटतेच. आकडा वीज गेल्याचं सांगतो, कुणामुळे गेली ते नाही.

आमचं हे यंत्र स्वस्तातलं, त्याला बीएमसी (यंत्रावर स्वतंत्रपणे नजर ठेवणारी बोर्डवरची चिप) नाही. तुमच्याकडे असेल तर शोधाचं काम निम्मं होतं. ‘आयपीएमआयटूल चॅसिस रिस्टार्ट_कॉज’ शेवटच्या सुरुवातीचं कारण देतं, ‘चॅसिस स्टेटस’ मध्ये शेवटची वीजघटना दिसते, आणि ‘सेल ईलिस्ट’ मध्ये वीजपुरवठा, पंखे, तापमान, मेमरी यांच्या नोंदी असतात. वाचण्याआधी ‘सेल टाइम गेट’ देऊन बीएमसीचं घड्याळ पाहा. ते सर्व्हरच्या घड्याळापासून वेगळं चालतं, आणि कधी कधी बरंच चुकलेलं असतं.

हार्डवेअरची तक्रार बीएमसीशिवायही सापडते. नव्या बूटच्या लॉगमध्ये ‘हार्डवेअर एरर’ आणि ‘बर्ट’ हे शब्द शोधा. आधीच्या बूटमधली गंभीर चूक फर्मवेअरने जपून ठेवली असेल तर कर्नल ती इथे छापतो. एएमडीचा झेन प्रोसेसर आणि अगदी नवा कर्नल असेल तर ‘प्रीव्हियस सिस्टिम रिसेट रीझन’ अशी ओळही मिळते. ईसीसी (छोट्या चुका स्वतः दुरुस्त करणारी) मेमरी असेल तर रासडेमन हा हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा प्रोग्रॅम बसवून ‘रास-एमसी-सीटीएल --समरी’ बघा. दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा चढत असेल तर मेमरीची ती पट्टी जाण्याच्या वाटेवर आहे. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. जवळच्याच दुसऱ्या रॅकमधलं आमचं दुसरं यंत्र मात्र शंभरहून जास्त दिवस अखंड चालू होतं. म्हणजे पूर्ण दालनाची वीज गेली नव्हती. उरलं काय, तर आमच्या यंत्राचा वीजपुरवठा (यंत्राच्या आत वीज पुरवणारा सुटा भाग), त्याची केबल, वीजपट्टी, किंवा कुणाचा तरी हात.

एवढी चौकशी चालू असताना एक गोष्ट मनात ठेवूनच मी बसते: हे कुणी मुद्दाम केलेलं नाही ना? ‘लास्ट’ मधली लॉगिनं, ‘ऑथराइज्ड_कीज’ च्या फाइली (कुणाच्या किल्लीने आत येता येतं त्यांची यादी), क्रॉन, आणि पॅनेलवरचा लॉगिनचा इतिहास पाहिला. रेस्क्यू सिस्टिममध्ये नेलेल्या यंत्रात आपल्या पासवर्डशिवायही शिरता येतं, आणि तिथे न्यायला रिबूटच लागतो. सगळं आमचंच होतं.

यंत्र भाड्याने देणाऱ्यांना लिहिताना

पहिलं तिकीट, म्हणजे त्यांच्याकडची लेखी तक्रार, सहकाऱ्याने सकाळी सातलाच, माझे आकडे हाती यायच्या आधी टाकलं होतं: ‘१६ जुलैला ३:१० वाजता आमचा सर्व्हर रिबूट झाला, कारण सांगा.’ दोन तासांत उत्तर आलं: त्या वेळी आमच्याकडे काहीही घडलेलं नाही. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी जर्मनीतले १६ तारखेचे ३:१० पाहिले. आपले पहाटेचे ३:१० म्हणजे यूटीसीचे १५ तारखेचे २१:४०, आणि जर्मनीतले उन्हाळ्यातले १५ तारखेचे रात्रीचे ११:४०. तारीखसुद्धा वेगळी. उन्हाळ्यात त्यांच्यात आणि आपल्यात साडेतीन तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेचार. तिकिटात नेहमी यूटीसी लिहा आणि त्यापुढे त्यांची स्थानिक वेळ, तारखेसकट.

दुसरं तिकीट मी लिहिलं. त्यात राग नव्हता, अंदाजही नव्हता. जे सिद्ध झालं तेवढंच होतं. यंत्राचा क्रमांक. वेळ २१:४० ते २१:४१ च्या दरम्यान. नीट बंद होण्याची नोंद नाही, पॅनिकचा पुरावा नाही, दोन्ही डिस्कचे पॉवर सायकल एकाने वाढले, आधीचे-नंतरचे आकडे सोबत. आणि चार सरळ प्रश्न: या यंत्राच्या वीजपट्टीच्या नोंदीत त्या मिनिटाला काय आहे? त्याच पट्टीवरची इतर यंत्रं पडली का? त्या रॅकमध्ये कुणी काम करत होतं का? तुमच्या बाजूने रिसेट किंवा पॉवर सायकल झालं का? ‘सर्व्हर सारखा बंद पडतो’ असं लिहिलं की साचेबंद उत्तर येतं. पलीकडेही रात्रपाळीचा एक माणूसच असतो. त्याला नेमकं काय पाहायचं ते सांगितलं तर तो बघतो.

या वेळी उत्तर वेगळं आलं. इतर यंत्रं पडली नव्हती, कुणी हात लावला नव्हता, पॅनेलवरून आज्ञा गेलेली नव्हती. यंत्राचा वीजपुरवठा बदलून देतो, वेळ सांगा.

वेळ आम्ही दिली आपली सकाळी अकरा ते तीन, त्यांची साडेसात ते साडेअकरा. सकाळचं संकलन संपलेलं असतं, संध्याकाळचं सुरू व्हायचं असतं. त्याआधी डेटाबेसची पूर्ण प्रत दुसऱ्या यंत्रावर घेतली आणि ती उघडून मोजली, कारण अनोळखी हात यंत्रात जाणार होते. यंत्र आम्ही स्वतः नीट बंद केलं, मग त्यांना सोपवलं. मेमरीची चाचणीही मागता येते, पण ती तासन् तास चालते. पुरावा विजेकडे बोट दाखवत असताना मी तो वेळ मागितला नाही.

यंत्र बंद करून सोपवण्याआधीच बाकीची घरची कामं उरकली होती: नोंदी घेणारी सेवा बूटबरोबर सुरू होईल अशी केली, रासडेमन बसवलं, आणि नेटकन्सोल लावलं. नेटकन्सोलमुळे कर्नलचे शेवटचे शब्द यूडीपीवरून दुसऱ्या यंत्राकडे जातात, डिस्कवर उतरायची वाट न पाहता.

१८ जुलैला नवा वीजपुरवठा बसला. त्या दिवशी वहीत लिहिलं: ४३ आणि १८. वीज तुटली होती म्हणून पहिला आकडा वाढला; नीट बंद केलं होतं म्हणून दुसरा नाही. १ ऑगस्ट: ४३, १८. १ सप्टेंबर: ४३, १८. १ ऑक्टोबर: ४३, १८.